खांबाखालचं माणूस

"मोठा पान्हा पाठव गं," खांबावरून बसूअण्णांची हाक आली.

मी दोरीला पान्हा बांधला. गाठ डाव्या हाताने मारली, कारण गेल्या पाच महिन्यांत उजव्या हातावरचा माझा भरवसा उडाला होता. अण्णांनी दोरी ओढून पान्हा सोडवून घेतला आणि वरूनच विचारलं, "पोट कसं हाय आता?"

"बरं आहे."

पोटाला काहीही झालेलं नव्हतं. सकाळी ऑफिसातून निघतानाच मी पोट दुखतंय म्हणून सांगून टाकलं होतं. बाईमाणसाने पोट दुखतंय म्हटल्यावर अण्णा पुढचं काही विचारत नसत. चौपन्न वर्षांचे लाइनमन, एका गुडघ्याने त्रस्त, तरी मुकाट्याने कंबरेला बेल्ट आवळून ते स्वतः वर चढले होते आणि खालचं काम माझ्याकडे दिलं होतं. महिनाभर मी हेच करत होते. जमेल तेव्हा काहीतरी सबब सांगून खाली राहायचं. खाली राहिलं की धोका नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा महिना, जत तालुक्यातलं माळरान, दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि मधून गेलेली अकरा हजार व्होल्टची लाइन. त्या लाइनवरचा एक इन्सुलेटर, म्हणजे तारेखालची चिनी मातीची बैठक, फुटला होता आणि तो बदलायचा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वीज कंपनीत विद्युत सहायक म्हणून तीन वर्षांच्या करारावर लागले होते, आणि त्यातलं शेवटचं वर्ष चालू होतं. मे महिन्यात कायम होण्याची ऑर्डर मिळणार होती. आमच्या ऑफिसात खांबावर चढणारी मी पहिली बाई. सुरुवातीला मी चढायला लागले की बघायला माणसं जमायची, मोबाईलवर शूटिंग करायची. "हिप्परकराची पोरगी हाय, धनगराची. झाडावर चढायची सवय असंल," असं एकाने म्हटलेलं मी वरून ऐकलं होतं. आईला तर हे काम मुळीच पसंत नव्हतं. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर, त्यामुळे बोलायचं ते तीच बोलायची. "टायपिंग शीक. शाळेत शिपाई हो. पण खांबावर नको," हे मी तीन वर्षं रोज ऐकलं.

अण्णांनी मात्र पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "वर गेल्यावर खाली बघितलं की फिरतं का?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग झालं." आणि मला बेल्ट बांधायला शिकवला.

त्रास सुरू झाला तो गणपतीच्या दिवसांत. मी वर होते. उजव्या अंगठ्यात एकाएकी मुंग्या आल्या. हात अवघडल्यावर येतात तशा नव्हेत. त्या चालत निघाल्यासारख्या मनगटात आल्या, कोपरात आल्या आणि मग उजवीकडच्या ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबल्या. बोटं आपोआप सैल झाली आणि पक्कड खाली पडली. एखाद्या मिनिटात सगळं गेलं, जणू काही झालंच नव्हतं. "घाम आलाय हाताला," असं मी अण्णांना सांगितलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा झालं. मग घरी भाकरी थापताना झालं. मग पुन्हा कामावर. कधी होईल ते सांगता यायचं नाही आणि झालं की मागे काही खूण राहायची नाही. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुया टोचल्या. आईला मी हात झोपतो एवढंच सांगितलं होतं, तर तिने तेल लावून चोळून द्यायला सुरुवात केली. मी मोबाईलवर शोधलं. तिथे लकव्यापासून मेंदूतल्या गाठीपर्यंत सगळं होतं. मग रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी हसून बघायची, तोंड वाकडं होतंय का म्हणून. एका पायावर उभी राहायची. शंभरापासून उलटे आकडे म्हणायची. सगळं जमायचं, आणि जमलं की अर्धा दिवस बरा जायचा.

मोठ्या दवाखान्यात मात्र गेले नाही. कायम करण्याआधी कंपनी वैद्यकीय तपासणी करते. दवाखान्याचा एक कागद तयार झाला की तो कुठून तरी पुढे येणार, असं मला वाटायचं. आणि एकदा का "बाईला हातात जोर राहत नाही" असं कोणी म्हटलं, की माझ्यामागून येणाऱ्या मुलींनाही तेच ऐकावं लागणार. मे महिन्यापर्यंत काढायचं, मग बघू, असं मी ठरवलं होतं.

तर त्या दिवशी अण्णा वर होते आणि मी खाली. लाइनवर काम करायचं तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. म्हणजे तो लाइन बंद करतो, आपल्याला एक नंबर देतो, आणि काम झाल्यावर आपण तो नंबर सांगून परमिट परत केल्याशिवाय लाइन पुन्हा चालू करत नाही. परमिट मी घेतलं होतं. नंबर माझ्या वहीत होता आणि फोन माझ्या खिशात.

बाराच्या सुमारास फोन वाजला. ऑपरेटर मोकाशी होते.

"काय गं सुवर्णा, झालं का? इथे शेतकऱ्यांचे फोनवर फोन चालू आहेत. विजेच्या आठ तासांतले दोन तास गेले म्हणून बोंब मारतायत."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि अंगठ्यात मुंग्या आल्या.

या वेळी त्या फार भराभर वर आल्या. कोपर, खांदा, ओठ. आणि ओठाशी थांबल्या नाहीत. जीभ जड झाली. "अजून नाही, माणूस वर आहे" एवढे पाच शब्द माझ्या डोक्यात स्वच्छ होते. ते तोंडात येत नव्हते. मी जोर लावला तर आवाज निघाला तो एवढाच, "हं… हं…"

"हं? म्हणजे झालं ना?"

"हं…"

"बरं, मग नंबर सांग. करू का चालू?"

मी वर बघितलं. अण्णांनी दोन्ही हात तारेवर ठेवले होते. लाइनवर अर्थिंगची साखळी, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी, टाकलेली होती, पण नुसत्या साखळीच्या भरवशावर कोणी असा निवांत हात ठेवत नाही. अण्णा परमिटच्या भरवशावर होते, म्हणजे माझ्या. माझी बोटं सैल झाली आणि फोन खाली दगडावर पडला. मागचं झाकण उडालं, बॅटरी बाहेर पडली आणि मोकाशींचा आवाज बंद झाला.

ते काय समजले असतील, हे कळायला काही मार्ग नव्हता.

ओरडता येत नव्हतं. मी डाव्या हाताने हातोडा उचलला आणि लोखंडी खांबावर मारायला लागले. ठण, ठण, ठण. अण्णांनी खाली बघितलं. मी हातोडा टाकून डावा हात खाली, खाली असा हलवला. त्या माणसाने एक शब्द विचारला नाही. तारेवरचे हात काढले, बेल्ट सोडवला आणि दुखऱ्या गुडघ्याने जेवढं भरभर उतरता येईल तेवढं उतरून खाली आले.

ते जमिनीला लागले तोवर माझी जीभ सुटली होती.

"काय झालं?"

"फोन पडला," मी म्हणाले. आवाज थोडा जड होता, पण शब्द आले. मी बॅटरी बसवली, फोन चालू केला. मोकाशींना लावला.

"अगं, रेंज गेली का तुझी?" ते म्हणाले. "नुसतं हं हं करतेस. काम झालंय का नाही?"

"नाही झालं. अण्णा वर होते. तुम्ही लाइन चालू तर नाही ना केली?"

"खुळी का काय? नंबर सांगितल्याशिवाय मी हात लावतोय होय? करा सावकाश. शेतकऱ्यांचं मी बघतो."

मी फोन ठेवला. म्हणजे काहीच झालं नव्हतं. कोणालाही काही कळलं नव्हतं. मोकाशींना वाटलं होतं रेंज गेली. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"रेंज गेली होती," मी म्हणाले. "मला वाटलं ते चालू करतायत. म्हणून तुम्हाला खाली बोलावलं."

अण्णांचा चेहरा सैल पडला. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि हसले.

"बरं केलंस. असंच पायजे बघ. शंका आली की माणूस खाली घ्यायचा, मग फोन. ऑफिसात त्या पोरांना सांगतो मी, पोरीकडनं शिका म्हणून." बाटलीतलं पाणी प्यायले, थोडं मला दिलं. "चल, दोनच नट राह्यलेत. आवळून येतो."

त्यांनी बेल्ट बांधला आणि चढायला लागले. एक पाय वर, मग दुखरा पाय त्याच्या जोडीला. मी वहीत परमिटचा नंबर बघितला. अक्षर माझंच होतं, नीट लिहिलेलं होतं. अण्णा चार हात वर गेले असतील.

"अण्णा, उतरा."

"आता काय?"

"उतरा. सांगायचंय."

ते उतरले. शेजारी बाभळ होती, तिच्या पातळ सावलीत आम्ही बसलो आणि मी सांगितलं. अंगठ्यापासून सुरुवात केली. रेंज गेली नव्हती, हेही सांगितलं. मोकाशी "झालं ना?" असं विचारत होते आणि मी "हं" म्हणत होते, हे सांगताना मात्र मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

अण्णा एका काडीने जमिनीवर रेघा ओढत बसले.

"कवापासनं हाय हे?"

"गणपतीपासून."

"घरी?"

"हात झोपतो एवढंच माहीत आहे."

"आन् ऑर्डर मे महिन्यात."

"हो."

त्यांनी काडी मोडली. "मग असं करू. मी कुणाला सांगत न्हाई. चार म्हैने तू वर जायचं न्हाई, मी जातो. ऑर्डर हातात पडू दे. मग जा दवाखान्यात."

मला तेच हवं होतं. पाच महिने मी दुसरं काय करत होते? आणि जो माणूस आत्ता माझ्यामुळे मेला असता, तोच ते मला देऊ करत होता. मला रडू आलं.

"तुम्ही वर गेलात तर परमिट कोण सांभाळणार?" मी विचारलं.

"तू."

"आत्ता मीच होते, अण्णा."

त्यांनी मोडलेली काडी टाकून दिली.

"आणि तुम्ही खाली राहिलात तर वर कोण जाणार?"

अण्णांनी खांबाकडे बघितलं. मग ते उठले, ऑफिसात फोन लावला आणि दुसरं माणूस पाठवा म्हणाले. कोणी विचारलं असावं, कारण त्यांनी एवढंच सांगितलं, "सुवर्णाला बरं न्हाई." माणूस आला, नट आवळले गेले, परमिट त्यानेच परत केलं. लांब कुठेतरी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी आमच्या ऑफिसच्या प्रमुखांच्या, घाडगे साहेबांच्या, टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे लिहून दिल्यावर मला ते पुढे पाठवावं लागेल," ते म्हणाले. "परत घ्यायचं असेल तर आत्ता घे." मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आई, अण्णा आणि मी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. अण्णांनी रजा टाकली होती. आईला आदल्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. पण एसटीत माझा उजवा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन धरला, तो मिरज येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर बाई होत्या, कुरणे मॅडम. त्यांनी हातोडीने गुडघे ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली, तळपायावर किल्ली ओढली. किती वेळा झालं, कधी झालं, कुठे झालं, तारखांनिशी विचारलं. मला सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या. आई आणि अण्णा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मग म्हणाल्या, "ही फिट आहे."

"मी पडत नाही. शुद्ध जात नाही. तोंडाला फेस येत नाही," मी म्हणाले.

"तशी मोठी फिट. ही छोटी. मेंदूच्या एका कोपऱ्यातच राहते. का येते ते फोटोत बघू."

दुपारी डोक्याचा फोटो निघाला. त्या गुहेसारख्या यंत्रात पडल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, की आता जे असेल ते असो. संध्याकाळी मॅडमनी फिल्म उजेडावर धरली. राखाडी मेंदूत डाव्या बाजूला एक पांढरं कडं होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

"गाठ?" मी विचारलं.

"तुला वाटतेय तसली नाही. जंताची आहे. जंताची अंडी पोटात जातात, क्वचित एखादं पिल्लू रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथे मरताना सूज आणतं. आपल्याकडे तरुण पोरांना फिट यायचं हे नेहमीचं कारण आहे. अजून दोन तपासण्या करू, पण मला तेच दिसतंय."

आईने पदर सावरला. "आमच्या घरात असलं काही न्हाई. माझं घर रोज सारवलेलं असतंय."

"घराचा काही दोष नाही, मावशी. कुठल्या तरी न धुतलेल्या काकडीतून जातं, पाण्यातून जातं. कुठून गेलं ते कधीच कळणार नाही."

"बरी हुईल?"

"होईल. गोळ्या मात्र न चुकता. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

मग आईने जे विचारलं ते ऐकून मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"खांबावर चढंल?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं तरी नाही. उंचावर नाही, गाडी चालवायची नाही, विहिरीत पोहायचं नाही."

"आन् दोन वर्षांनंतर?"

"मावशी, तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघा," आई म्हणाली. "तिला तेच काम येतंय."

पुढचं सांगायचं तर फार नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना मे महिन्यात ऑर्डर मिळाल्या. मला मिळाली नाही. माझा कागद सांगली, मग कोल्हापूर, मग मुंबई असा फिरत राहिला. एकोणीस महिन्यांनी ऑर्डर आली, ती सबस्टेशनवरच्या कामाची. गोळ्या अडीच वर्षं घेतल्या. पुढच्या फोटोत ते कडं बारीक झालं, त्याच्या पुढच्या वेळी नुसता पांढरा ठिपका राहिला, आणि तो तसाच राहणार आहे असं मॅडम म्हणाल्या. त्या दिवसानंतर पुन्हा मुंग्या आल्या नाहीत. मला खांबावर चढायची परवानगीही पुन्हा मिळाली नाही. सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं. आता कधी कधी वाटतं, नेहमी नाही.

पण मिरजेच्या त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आई औषधांच्या रांगेत उभी होती. अण्णा आणि मी दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर बसलो होतो. गाठ नाही म्हटल्यापासून मी नको इतकी बडबडत होते. हसत होते. अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाईला तू नऊ वेळा म्हणालीस."

"हो."

"त्यातलं घरी किती?"

"दोन."

"म्हंजे कामावर सात. मी वर हुतो तवा किती?"

मी कालचं धरून मोजलं. "तीन."

"आन् तू वर हुतीस तवा?"

"चार."

आता ते रागावतील असं मला वाटलं. काल बाभळीखाली रागावले नव्हते, ते सगळं आता बाहेर येईल असं वाटलं. मी म्हणाले, "चुकलं माझं, अण्णा. तुमच्या जिवाशी—"

"त्या तिनाचं काय न्हाई," त्यांनी मला थांबवलं. "ते मी काल खांबापाशीच सोडून दिलं." ते रस्त्याकडे बघत होते. "चार वेळा तू वर हुतीस. पक्कड पडली, मी उचलून दोरीला बांधून दिली. मान वर करून बघतच हुतो की मी. एकतीस वर्षं झाली या कामाला. खालच्या माणसाचं काम काय असतंय? वरच्या माणसाकडं बघायचं. मला कसं दिसलं न्हाई?"

मी लपवलं होतं म्हणून दिसलं नाही, असं सांगायला हवं होतं. तेवढ्यात आई औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली आणि आम्हाला शोधायला लागली. अण्णांनी घाईने डोळे पुसले, हात वर केला आणि तिला हाक मारली.